डावीकडे केळी पडत नाहीत

१६ फेब्रुवारी, रविवार

दिपमाला मॅडम येऊन गेल्या. पप्पांना डिसेंबरात लकव्याचा झटका आला तेव्हापासून व्यायाम शिकवायला त्याच येतात. आज जाताना मला फाटकापाशी थांबवून म्हणाल्या, "बोलणं शाबूत आहे, पाय चालतोय. डावा हात मागे पडलाय. हे पहिले महिने वाया घालवू नका. त्यांना आवडेल असं काहीतरी डाव्या हाताला द्या."

त्यांनी दिलेला रबरी चेंडू सोफ्याखाली गेला आहे. पप्पांनीच ढकलला असावा. "मी काय पाळण्यातलं बाळ आहे?" असं ते मॅडमसमोरच म्हणाले. फॅक्टरीत इन्स्पेक्शन खात्यात जन्म घालवलेल्या माणसाला चेंडू दाबायला सांगायचं म्हणजे अवघडच.

"पहिले महिने" हे शब्द डोक्यातून जात नाहीत. त्यातले दोन गेलेच.

मला दोनच गोष्टी बऱ्या येतात. क्लासमध्ये मी मुलांना त्याच शिकवते. एक ओपनस्कॅड. त्यात माउसने काही ओढायचं नसतं, वस्तू लिहून काढायची असते: एवढा ठोकळा, त्यातून एवढा दंडगोल वजा. मग ती थ्रीडी प्रिंटरवर छापून हातात घेता येते. त्यात मी पप्पांच्या मुठीच्या मापाची पकड बनवू शकते. दुसरं टिक-८०. जुन्या काळच्या व्हिडिओ गेमसारखा छोटासा पडदा, सोळा रंग, आणि खेळ आपण कोडमध्ये लिहायचा. त्यात डाव्या हाताने खेळायचा खेळ होऊ शकतो.

दोन्ही करायला वेळ नाही. चुकीचं निवडलं तर आणखी एक महिना जाईल आणि तो माझ्यामुळे गेलेला असेल.

१८ फेब्रुवारी

धाकट्या भावाला, संघपालला, पुण्याला फोन केला. अर्धा तास दोन्ही बाजू सांगितल्या. तो म्हणाला, "ताई, तू सॉफ्टवेअर निवडतेयस की नवरा?"

मी फोन ठेवून दिला. मग वाईट वाटलं म्हणून परत केला.

शेवटी ओपनस्कॅड ठरवलं. पप्पांना हातात धरता येतं आणि मोजता येतं त्याच वस्तूवर विश्वास असतो. मलाही त्यांनी तसंच शिकवलं. लहानपणी पायाच्या ऑपरेशनांमुळे मी तिसरीपर्यंत शाळेत गेले नाही. वरणगावच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये पाय प्लास्टरमध्ये आणि हातात व्हर्नियर कॅलिपर, अशी माझी शाळा. पाढ्यांच्या आधी मला दशांश अपूर्णांक येत होते.

२४ फेब्रुवारी

पकड छापून आणली. कडा तीनदा घासल्या, त्यांना लागेल अशी भीती वाटत होती. पप्पा खूश दिसले. लगेच म्हणाले, "कॅलिपर आण." मी त्यांचा डिजिटल कॅलिपर दिला. मी व्यास तेवीस पॉइंट चार मिलिमीटर लिहिला होता.

"तीन पॉइंट चार," पप्पा म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करतायत. "पप्पा, तेवीस."

"मित्रा, आकडा समोर दिसतोय. तीन पॉइंट चार. तुझ्या मशीनने काय छापलंय ते बघ." मला ते घरात मित्राच म्हणतात.

मी पाहिलं तेव्हा तेवीस पॉइंट चारच होतं. पुन्हा त्यांच्या हातात दिला, पुन्हा तीन. हात हलला की पहिला आकडा जात असेल. बॅटरी उतरली असणार. नवी आणून टाकली, तरी तेच. मग ते चिडले आणि पकड टेबलावर ठेवून बाल्कनीत गेले. जाताना दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटला. या आठवड्यात दुसऱ्यांदा.

कॅलिपर जुना झालाय. मी त्यांना बिघडलेलं माप हातात दिलं. त्यांच्यासाठी याहून मोठा अपमान नसेल.

१ मार्च

पकड तशीच पडून आहे. ओपनस्कॅड बंद. खेळ करायला घेतला.

धुळ्याहून रुक्मा आत्या आली आहे. पप्पा कॉटवर बसले होते. ती त्यांच्या शेजारी, खिडकीच्या बाजूला बसली आणि बराच वेळ वाट पाहत राहिली. पप्पा समोर टीव्हीकडे बघत होते. शेवटी ती म्हणाली, "काय रे बन्सी, मी धुळाथून उनू, अन् तू मनाकडे दखस बी नही? राग शे का मनावर?"

पप्पा दचकले. "अक्का आली? कुठे आहे?"

"दखा! कोठे शे म्हणस! बठ्ठा घरमा मीच परकी शे का?"

आई हसली, मीही हसले. आत्या हसली नाही. माझ्या मोठ्या ताईच्या लग्नात आत्याला आहेर कमी झाला होता, तेव्हापासून दोघांत असं अधूनमधून चालतंच. पण पप्पा इतके टोचून बोलणारे नव्हते. आजारपणात माणसाचा स्वभाव बदलतो म्हणतात, त्याचीच भीती वाटते.

९ मार्च

खेळ तयार झाला. नाव "केळीची टोपली". वरून केळ्यांचे घड पडतात, खाली टोपली. टोपली दोन बटणांनी सरकवायची, दोन्ही डाव्या हाताने. असोद्याला मामांच्या मळ्यात घड उतरवताना पाहिलेत तसेच रंगवले, काही हिरवे, काही पिवळे. पडद्याचे ठिपके इतके मोठे की घड थोडा वांग्यासारखा दिसतो. आई म्हणाली, "पिवळं वांगं मी पहिल्यांदाच पाहिलं."

पप्पांना मात्र आवडला. पाऊण तास खेळले! डावी बोटं बटणावरून निघाली नाहीत. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

१३ मार्च

पप्पा रोज खेळतात. बोटं सुधारल्याचं मॅडमही म्हणाल्या.

आज जेवताना पप्पांनी भरीत तसंच ठेवलं, भाकरी अर्धी. आई म्हणाली, "सांगा ना, नको होतं तर. रोज अर्धं ताट परत येतं." ते म्हणाले, "वाढलंस कुठे भरीत?" आईने ताट उचललं. तिच्या हाताला आता चव राहिली नाही असं तिला वाटायला लागलंय.

१९ मार्च



छगनकाकांचा वरणगावहून फोन आला होता. ते आणि पप्पा फॅक्टरीत एकाच खात्यात होते. चौदा एप्रिलला जयंतीची मोटारसायकल रॅली, सगळे जुने सोबती दरवर्षी असतात. निवृत्तीनंतरही पप्पा दरवर्षी जळगावहून स्कूटरवर जातात. मागे पांढऱ्या साडीत आई, पुढे निळा झेंडा.

"मी येतोय," पप्पांनी काकांना सांगून टाकलं. "माझ्या गाडीवर."

हायवेवरून भुसावळ ओलांडून वरणगाव. ते ट्रक. आणि आई मागे.

मी म्हणाले, डॉक्टरांना विचारू. ते म्हणाले, "डॉक्टर विचारतील, हात चालतो का? पाय चालतो का? चालतो. मग?" माझा चेहरा बघून जरा नरमले. "हे बघ, मी अंदाजावर माल पास करणारा माणूस नाही. तुझा खेळ आहे ना? पन्नासात पंचेचाळीस घड पकडले तर मी पास. नाही पकडले तर आम्ही एस. टी.ने जाऊ. कबूल?"

मला ते बरोबर वाटलं. डोळा, हात, चपळाई, सगळं त्यात येतं. मी कबूल केलं. आईने फक्त माझ्याकडे बघितलं.

२२ मार्च

तिसाच्या वर जातच नाहीत. मनातून मला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटली.

आज मी शेजारी बसून पाहिलं. डावीकडचे घड पडतात आणि टोपली तिकडे जातच नाही. "पप्पा, तिकडचे सोडू नका ना."

"कुठले?"

"डावीकडचे."

"डावीकडे केळी पडतच नाहीत." अगदी शांतपणे, अहवाल दिल्यासारखं म्हणाले. "तुझ्या खेळात खोट आहे. फक्त या बाजूला पडतात. आणि हे मोजून पन्नास म्हणतं. नीट कर."

२६ मार्च

चार दिवस खोट शोधतेय. घड कुठे पडायचा ते यादृच्छिक आकड्यावर ठरतं. तो आकडा मी कागदावर उतरवून घेतला. डावीकडचे आकडे येतात. मी खेळले की घड दिसतात. आई खेळली, तिलाही दिसले. पप्पांना दिसत नाहीत. म्हणजे माझ्या कोडमध्ये असं काहीतरी आहे जे ते खेळतानाच बिघडतं. त्यांच्या बटणं दाबण्याच्या वेगामुळे? कीबोर्ड बदलला. पडद्याचा उजेड वाढवला. लॅपटॉप तिरका ठेवला.

आई हळूच म्हणाली, "त्यांचंच काही चुकत नसेल ना?"

मला राग आला. केसाएवढ्या चिरेसाठी अख्खी खेप परत पाठवणारा माणूस. त्यांना केळीचा घड दिसणार नाही? त्यांना चष्म्याच्या दुकानातही नेऊन आणलंय, नंबर तोच आहे. चूक माझीच असणार. नेहमी असते.

३० मार्च

खोट सापडेपर्यंत मी डावीकडचे घड बंद करून टाकले. न पडणाऱ्या घडांसाठी त्यांचे गुण कापणं अन्याय होता. आता घड मध्यापासून उजवीकडे पडतात. पप्पांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? खोट तात्पुरती झाकली आहे, एवढंच. पण मन खातंय.

२ एप्रिल

पन्नासात सत्तेचाळीस.

पप्पांनी टाळी वाजवली, डावा हात उजव्यावर आपटून. लगेच छगनकाकांना फोन. काका पलीकडून इतके ओरडले की मलाही ऐकू आलं, "बन्सीऽ! झेंडा तूच धरणार मग!"

आईने कपाटातून पांढरी साडी काढून धुवायला टाकली.

मी पास केलंय त्यांना. डावी बाजू काढून. आज जेवण गेलं नाही.

६ एप्रिल

पप्पांनी स्कूटर पुसून काढली. खाली कॉलनीतल्या रस्त्यावर फेरी मारतो म्हणाले. मी चावी लपवली आणि सापडत नाही म्हणाले. मी खोटं बोलले. एका आठवड्यात दुसरी लबाडी.

आज त्यांची दाढी बघून शेजारच्या इंदिराबाई म्हणाल्या, "भाऊ, अर्ध्यात पाणी गेलं का?" उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर पांढरे खुंट. डाव्या हाताने जमत नसेल, असं मी सांगून टाकलं. नंतर आठवलं, पप्पा दाढी उजव्या हाताने करतात.

१० एप्रिल

आज भिंतीवर फळी लावायची होती. पप्पांनी स्पिरिट लेव्हल काढली, सपाटी तपासायची बुडबुड्याची पट्टी, तीच पिवळी, माझ्या त्या घरच्या शाळेतली. फळीवर ठेवली. बुडबुडा एका बाजूला गेला. मी फळी उचलायला लागले तशी ते म्हणाले, "थांब. शिकवलेलं विसरलीस? आधी उलटून बघ."

विसरले नव्हते. प्लास्टरमध्ये पाय असताना आम्ही हेच खेळायचो. लेव्हल टोकाला टोक फिरवून त्याच जागी ठेवायची. बुडबुडा पुन्हा त्याच बाजूला गेला तर फळी वाकडी. विरुद्ध बाजूला गेला तर लेव्हलच खोटी. खोट फिरवलेल्या वस्तूबरोबर फिरली तर त्या वस्तूत. जागेवर राहिली तर दुसरीकडे शोधायची.

"तुझा खेळ नीट झाला होता ना, तसंच," पप्पा म्हणाले. "तू उलटूनच पाहिलं असशील."

मी मान डोलावली. तिसरी लबाडी.

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळी खेळ उलटला. काम एका ओळीचं होतं, आणि मी तीन आठवडे ते केलं नाही. टिक-८० चा पडदा आडवा दोनशे चाळीस ठिपक्यांचा, शून्य ते दोनशे एकोणचाळीस. प्रत्येक जागा दोनशे एकोणचाळीसमधून वजा केली की आरसा तयार होतो. डावीकडचे घड पुन्हा चालू केले. ओळखायला सोपं जावं म्हणून मूळ डाव्या बाजूचे सगळे घड पिवळे केले, उजव्या बाजूचे सगळे हिरवे.

आधी न उलटता खेळायला दिलं. पिवळे डावीकडे, हिरवे उजवीकडे.

"पिवळी केळी काढून टाकलीस का?" पप्पांनी विचारलं. "सगळी हिरवीच."

मग मी आरशाची ओळ चालू केली. आता पिवळे उजवीकडे गेले. कोडात खोट असती, तर ती पिवळ्या घडांबरोबर उजवीकडे गेली असती आणि पप्पांना पिवळे दिसले नसते. मी देवाबिवाला मानत नाही, पण मनात म्हणत होते, दिसू नयेत. पिवळी दिसू नयेत.

"हां, आता पिवळी आली!" पप्पा म्हणाले. ते खुशीत होते. "पण मित्रा, आता हिरवी का काढलीस?"

मी काहीच काढलं नव्हतं. हिरवे घड डावीकडे एकामागून एक पडत होते.

मला भाकरी आठवली. भरीत. खांदा. तेवीसमधले गेलेले वीस. अर्धा गाल. रुक्मा आत्या त्यांच्या डावीकडे, खिडकीच्या बाजूला बसलेली, वाट बघत.

आणि हायवे. ओव्हरटेक करणाऱ्याला उजवी बाजू. डावीकडे सायकली, चालणारी माणसं, शाळेची मुलं. ती कुणीच नसणार त्यांच्यासाठी. रिकामा रस्ता.

बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि बसून राहिले.

१२ एप्रिल

काल पुढचं लिहिलं नाही, पण सांगायचं ठरवलं होतं. कसं, ते ठरत नव्हतं. आईला आधी सांगितलं. ती ताटांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या हाताला चव आहे अजून." मग तोंडाला पदर लावला.

दुपारी पप्पांसमोर बसले. त्यांच्या उजव्या बाजूला. आधी कबूल केलं, की सत्तेचाळीस खोटे होते. डावी बाजू मी बंद केली होती.

त्यांचा चेहरा असा झाला, तसा मी कधी पाहिला नव्हता. "तू? तू माल न तपासता पास केलास?"

"हो पप्पा."

"का?"

"तुम्ही म्हणालात डावीकडे केळी पडत नाहीत. मला वाटलं, तुम्ही म्हणताय म्हणजे नसणारच."

मग मी दोन्ही खेळ शेजारी चालू केले, सरळ आणि उलटा, आणि लेव्हलच्या भाषेत सांगितलं. खेळ फिरवला. खोट खेळाबरोबर फिरली नाही. जागेवरच राहिली.

"पुन्हा दाखव," ते म्हणाले.

दाखवलं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः बोट पडद्याच्या उजव्या कडेवर ठेवलं आणि काचेवरून हळूहळू डावीकडे सरकवत नेलं. डोळे बोटाच्या मागे. मध्याच्या पलीकडे कुठेतरी बोट थांबलं. त्याच्याखालून एक हिरवा घड पडला. पप्पांनी श्वास आत घेतला तो मला ऐकू आला.

"होती की इथे," ते म्हणाले. "पूर्ण वेळ?"

"हो."

मग म्हणाले, "गाडीची चावी सापडली का तुला?"

मी घाबरले. तरी आणून दिली.

"तुझ्याकडे लाल नेलपॉलिश आहे?"

फॅक्टरीत नापास मालाला लाल रंग लावायचे, चुकून पुन्हा पुढे जाऊ नये म्हणून. मला लहानपणापासून माहीत आहे. त्यांनी चावी उजव्या हातात धरली, मला बाटली उघडायला सांगितली आणि डाव्या हाताने, थरथरत, चावीच्या डोक्यावर लाल ठिपका दिला. बराचसा बोटाला लागला.

"छगनला तू सांग," म्हणाले. "मला जमणार नाही."

१३ एप्रिल

दिपमाला मॅडमना फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, डोळ्यांत दोष नाही, मेंदू डाव्या बाजूची दखल घेत नाही. लकव्यात होतं असं, आणि ज्याला होतं त्यालाच कळत नाही. डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितली, सुधारू शकतं म्हणाल्या. "शकतं" यावर मी अडकले आहे.

आणि तोवर एक गोष्ट करा, म्हणाल्या. कागद असो, ताट असो, डाव्या कडेला ठळक लाल रेघ ओढा. त्यांना सांगा, लाल दिसेपर्यंत मान फिरवायची. दिसली नाही तर अजून बाकी आहे.

नेलपॉलिशच्या बाटलीत थोडंच उरलंय. संध्याकाळी ओपनस्कॅड पुन्हा उघडलं आणि ताटाच्या कडेला अडकवायची पट्टी लिहायला घेतली. लाल रंगात छापून मिळेल.

१४ एप्रिल

एस. टी.ने गेलो. आई खिडकीशी, पांढऱ्या साडीत. ट्रक बाजूने गेला की मी डोळे मिटत होते.

रॅलीत छगनकाकांनी पप्पांना आपल्या मागे बसवलं आणि झेंडा हातात दिला. "धर रे बन्सी, पण मला आंधळं करू नको, तो फडकतोय माझ्या तोंडावर!" पप्पा हसले. डाव्या अंगाला लोक हात हलवत होते, जय भीम म्हणत होते. पप्पांनी फक्त उजवीकडच्यांना जय भीम केला. लोकांना काय वाटलं असेल.

दुपारी सगळ्यांची पंगत. मी पर्समधून बाटली काढून पप्पांच्या पत्रावळीच्या डाव्या कडेला रेघ ओढली. शेजारचे बघत राहिले. पप्पा जेवायला लागले. उजवीकडचा भात संपला, वरण संपलं. हात थांबला. नेहमीसारखे उठतील असं वाटलं.

उठले नाहीत. मान हळूहळू फिरायला लागली, जड झाकण फिरावं तशी. भाजी सापडली. पुरी सापडली.

"अरे," पप्पा म्हणाले, "बुंदी पण वाढली होती?"

"केव्हाची!" छगनकाका म्हणाले.

लाल रेघ अजून पुढे होती, आणि रेघेच्या पलीकडे मी बसले होते. हाक मारली नाही. मान फिरत होती. मी वाट बघत राहिले.